तलवार शिकायची, तर तलवार कधी घ्यायची?

गेल्या दिवाळीत भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एका जपानी तलवारीची लिंक पाठवली. काळी मूठ, चकचकीत पातं, लाल दोरी, आणि भिंतीला टांगायचा स्टँड मोफत. खाली प्रश्न : 'मामा, ही कटाना घेऊ का? शिकायचंय.' पोरगं दहावीतलं, जपानी अ‍ॅनिमे मालिका रात्र-रात्र बघणारं. मामाने नोकरीनिमित्त काही वर्षं तोक्योत काढली आहेत आणि निशी-कासाईजवळच्या एका सार्वजनिक व्यायामशाळेत भरपूर बांबू खाल्ले आहेत, हे त्याला ठाऊक होतं.

मी 'नको' एवढंच लिहिलं. मग 'का?' आलं, आणि त्या 'का'वर फोनवर दोन तास गेले. तेच बोलणं इथे जरा नीट लावून लिहितो, कारण हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरांत येतो आहे.

त्या लिंकवरच्या तलवारीबद्दल आधी बोलू. अशा शोभेच्या तलवारींचं पातं सहसा स्टेनलेस स्टीलचं असतं आणि मुठीच्या आत जाते ती पात्याला वेल्ड केलेली एक बारीक सळई. भिंतीवर ती छान दिसते. जोरात फिरवली, तर मूठ हातात राहून पातं सुटण्याची भीती असते, आणि ते कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. खऱ्या जपानी तलवारीत पात्याचा बिनधारेचा भाग मुठीत खोलवर गेलेला असतो आणि आरपार घातलेल्या बांबूच्या एका छोट्या खुंटीने जागेवर राहतो. सरावाला उभं राहण्याआधी ती खुंटी तपासायची, हा तिथला पहिला धडा.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्याकडे वाढदिवसाचा केक तलवारीने कापला म्हणून गुन्हा दाखल झाल्याच्या, ऑनलाइन मागवलेल्या तलवारी पोलिसांनी जप्त केल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. शस्त्र अधिनियम १९५९चा आहे आणि त्याच्या नियमांत तलवारीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. शासनाने अधिसूचित केलेल्या भागात ती परवान्याशिवाय बाळगता येत नाही. 'शोपीस आहे साहेब' हे उत्तर ठाण्यात फारसं चालत नाही.

पण समजा, कायद्याचं काही आड येत नाही आणि तलवारही उत्तम आहे. तरीही माझं उत्तर 'नको' हेच असतं.

अडचण कुठे आहे?

सायकल पडत-पडत येते. पोहणं नाकातोंडात पाणी जाऊन येतं. तलवार मात्र चुकत-चुकत शिकायची सोय नाही. पूर्ण जोराने, पूर्ण वेगाने, समोरच्याला खरोखर लागावं या इराद्याने वार केल्याशिवाय हाताला काही कळत नाही. आणि तसा केला, तर दर आठवड्याला वर्गातला एक विद्यार्थी कमी होणार.

जपानात या अडचणीवर काही शतकं डोकं चाललं आणि तीन मोठे उपाय निघाले. तिन्ही तडजोडी आहेत. प्रत्येकीत काही मिळतं, काही सोडावं लागतं. दुकानात दिसणारं झाडून सगळं साहित्य या तिघींपैकी कुठल्या तरी एका तडजोडीचं असतं, म्हणून 'कुठली तलवार चांगली' या प्रश्नाला आधी 'कशासाठी' असं विचारावं लागतं.

क्रिकेट खेळलेल्याला हे चटकन कळेल. बॅटिंगचा सराव तीन तऱ्हांनी होतो. एक, प्रशिक्षक समोरून थ्रोडाउन टाकतो. चेंडू कुठे पडणार हे ठरलेलं, तुम्ही फटका घोटायचा. दोन, पॅड-हेल्मेट चढवून नेटमध्ये सीझन बॉल. काय येईल सांगता येत नाही. तीन, आरशासमोर चेंडूशिवाय शॅडो बॅटिंग. कोणी नुसत्या शॅडो बॅटिंगवर रणजी खेळलं नाही आणि कोणाला ती टाळताही आली नाही.

पहिली तडजोड : लाकूड, आणि ठरवून केलेलं भांडण

थ्रोडाउनच्या जागी इथे लाकडी तलवार येते. तिला बोकुतो म्हणतात. जपानी ओकच्या लाकडाची, कटानासारखाच किंचित बाक असलेली, साधारण १०२ सेंटीमीटर लांब. जपानातल्या बहुतेक बोकुतो आजही दक्षिणेकडच्या मियाझाकी प्रांतातल्या मियाकोनोजो या एकाच शहरात बनतात.

लाकूड म्हणजे खेळणं, असा समज असेल तर तो काढून टाका. मियामोतो मुसाशी या नामांकित तलवारबाजाने १६१२ साली गानर्‍यू बेटावर सासाकी कोजिरो या प्रतिस्पर्ध्याला लाकडी तलवारीनेच मारलं, ही कथा जपानात शाळकरी पोरांनाही माहीत असते. (ती तलवार त्याने नावेच्या वल्ह्यापासून तासली होती, ही आख्यायिका.) मनगटावर बसली तर हाड मोडतं, डोक्यावर बसली तर डोकं. म्हणजे लाकूड आणूनही धोका टळत नाही, कमी होतो फक्त.

म्हणून दुसरी काळजी घेतली जाते. हल्ला कोण करणार, कुठे करणार, उत्तर काय द्यायचं आणि शेवटचा वार अंगापासून किती अंतरावर थांबवायचा, हे सगळं आधीच ठरवून टाकायचं. अशा बांधलेल्या जोडी-सरावाला काता म्हणतात. आपल्याकडच्या बंदिशीसारखं : चौकट पक्की, पण गाणारा कच्चा असेल तर दुसऱ्या ओळीतच कळतं.

यातली एक रीत मला फार आवडते. कातात हल्ला करून शेवटी 'मरणारा' असतो तो ज्येष्ठ. गुरूच वार करतो, गुरूच हरतो. कारण योग्य वेगाने, योग्य अंतरावरून, खराखुरा वाटेल असा हल्ला करणं हेच अवघड काम आहे. शिकणाऱ्याला जिंकायचं असेल, तर समोर चांगलं हरणारा लागतो. इत्तो-र्‍यूच्या ओनो शाखेत (तलवारीचं हे एक जुनं घराणं) हा ज्येष्ठ हातांत उशीएवढे जाड, गुबगुबीत मोजे घालून उभा राहतो, म्हणजे शिष्याला निदान मनगटावर तरी खरा वार करता येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू येतं. पण गुरू मार खायला स्वतःहून पुढे येतो आहे, हे लक्षात आलं की हसू थांबतं.

नव्या जमान्यात वेगवेगळ्या घराण्यांतलं निवडून १९१२ साली दहा कातांचा एक सामायिक संच ठरवला गेला : सात लांब तलवारीचे, तीन आखूड तलवारीचे. केंदोच्या, म्हणजे आजच्या जपानी तलवारीच्या खेळाच्या, परीक्षेला आजही तो लागतो.

मग सुटतं काय? अनपेक्षितपणा. पुढे काय येणार हे माहीत असलं की शरीर हळूहळू नाच करू लागतं. सतराव्या शतकापासून जपानात लांबलचक शांतता होती, लढाया बंद. कातांना तेव्हा नक्षी चढत गेली आणि 'हे फक्त दिसायला सुंदर उरलं आहे' अशी तक्रार तलवारवाल्यांनीच सुरू केली. दुसरी तडजोड त्या तक्रारीतून आली.

दुसरी तडजोड : बांबू आणि गोधडी

बांबूची कल्पना तशी जुनी. सोळाव्या शतकातला कामिइझुमी नोबुत्सुना हा चिरलेला बांबू कातडी पिशवीत घालून सराव घेत असे. त्याची परंपरा पुढे चालवणारी घराणी अजून तशीच कातडी तलवार वापरतात. आपल्याकडच्या फरी-गदग्यातला कातडं चढवलेला गदगा ज्याने पाहिला आहे, त्याला वेगळं सांगायला नको. अडचण एकच असली की माणसं दूर-दूरच्या मुलखांतही सारख्याच वाटेला लागतात.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागानुमा शिरोझाएमोन या गुरूने डोक्या-हातांची चिलखतं सुधारली आणि त्याच शतकाच्या मध्याला नाकानिशी चूझोने लोखंडी जाळीचा मुखवटा आणि बांबूची तलवार असा सराव इत्तो-र्‍यूत आणला. लोक तुटून पडले. आता कोणीही कोणालाही पूर्ण जोराने मारू शकत होतं, आणि संध्याकाळी दोघंही घरी जेवायला जात होते. आजचा केंदो हा याच सरावाचा वंशज.

या बांबूच्या तलवारीला शिनाइ म्हणतात. आकाशकंदिलाला लागतात तशा, पण चांगल्या जाड चार कामट्या. टोकाला कातड्याची टोपी, मुठीवर कातड्याची खोळ, आणि दोन्हींना ताणून धरणारी एक दोरी. टोकापासून साधारण पाव लांबीवर कातड्याचीच एक बांधणी. आत पोकळ, म्हणून वार बसताना कामट्या लवचीकपणे दबतात आणि धक्का पसरतो. ती दोरी महत्त्वाची : दोरीची बाजू म्हणजे तलवारीची पाठ, तिच्या उलट बाजूला धार 'समजायची'. काठी गोल आहे, पण मारायचं जणू तिला धार आहे अशा बेताने. धार सोडून दुसरी बाजू लागली तर तो वार नव्हेच.

मापं काटेकोर आहेत. मोठ्या माणसांची शिनाइ १२० सेंटीमीटरपर्यंत; पुरुषांची किमान ५१० ग्रॅम, स्त्रियांची किमान ४४० ग्रॅम. माध्यमिक शाळेतल्या मुलांना ११४ आणि त्यापुढच्या शाळकरी वयात ११७ सेंटीमीटरची मर्यादा. दुकानात मात्र 'एकोणचाळीसची' किंवा 'सदतीसची' असं मागतात. तो आकडा जुन्या जपानी मापाचा आहे. सुमारे तीन सेंटीमीटरचा एक 'सुन', तसे एकोणचाळीस.

अंगावरच्या चिलखताला बोगू म्हणतात. त्याचे चार भाग : मुखवटा, हातमोजे, छातीचं कवच आणि कमरेखालची पट्ट्यांची झालर. मुखवट्याला पुढे धातूची जाळी आणि दोन्ही बाजूंना खांद्यांवर उतरणारे जाड पंख. ते पंख म्हणजे चक्क गोधडी. कापसाचे आणि लोकरी नमद्याचे थर एकावर एक ठेवून धावदोरा घातलेला. टाके जितके जवळ तितकी ती कडक आणि टिकाऊ, आणि हाताने शिवलेली असेल तर किंमत बघून माणूस मुकाट बाहेर पडतो. जाळीच्या आडव्या सळ्यांत वरून सहाव्या आणि सातव्या सळीमधली फट मुद्दाम जरा मोठी असते. डोळे नेमके त्या फटीसमोर आले पाहिजेत. मुखवटा उसना घेतला की ते येत नाहीत, मग मान वर करून खेळावं लागतं आणि गळा उघडा पडतो. चष्मा नीट न बसल्यासारखंच, फक्त इथे समोरचा माणूस गळ्यावर टोक धरून उभा असतो.

कपडे निळीत रंगवलेले. पहिले काही महिने हात, मान, आंघोळीची बादली सगळं निळं होतं. आणि हातमोज्यांचा वास... त्याबद्दल केंदो खेळणारे लोक घरच्यांशी बोलत नाहीत.

पण हातात शिनाइ आली की लगेच लढायचं?

नाही. सुरुवातीचे काही महिने चिलखत मिळतच नाही. ट्रॅकपँट, अनवाणी पाय, लाकडी जमीन, आणि शिनाइ वर-खाली. शंभर वेळा, मग आणखी शंभर. गाणं शिकणाऱ्याने वर्षभर पलटे घोटावेत तसं.

त्यात दोन गोष्टी उलट्या वाटतात. पहिली, हातांची. उजवा हात वर, डावा मुठीच्या अगदी टोकाला. आणि ताकद डाव्याची. उजव्याने फक्त दिशा द्यायची. सरळ बॅटने ड्राइव्ह मारताना 'वरच्या हाताने खेळ, खालचा सैल ठेव' हे प्रत्येक प्रशिक्षक ओरडतो ना, तेच. बॅट घोटून गेलेल्या आपल्या लोकांना हे लवकर जमायला हवं. मला वर्ष लागलं.

दुसरी, पायांची. पाऊल उचलायचं नाही, जमिनीवरून सरकवायचं. डावी टाच जराशी वर, उजवा पाय पुढे. वार करताना डाव्याने ढकलून उजवा पाय जमिनीवर आपटायचा. तळव्याला फोड येतात, फुटतात, पुन्हा येतात. वाढत्या वयात टाचेमागची शीर तुटण्याची दुखापत या खेळात नेहमीची आहे, म्हणून पोटऱ्या गरम केल्याशिवाय चाळिशीनंतर उड्या मारू नयेत. हे अनुभवाचे बोल नाहीत, माझ्या बाबतीत गुडघ्याने आधीच रजा मागितली.

'डोक्यात एवढं बसलं की! मग पॉइंट का नाही?'

केंदोचा व्हिडिओ बघणाऱ्याचा हा ठरलेला प्रश्न. दोन माणसं किंचाळत धावतात, टणाटण वार बसतात, आणि तीन पंच झेंडे खाली धरून थंडपणे उभे. लाल आणि पांढरा असे दोन झेंडे प्रत्येक पंचाच्या हातात. तिघांपैकी दोघांनी उचलला तर गुण. सामना साधारण पाच मिनिटांचा, तीनपैकी दोन गुण आधी मिळवेल तो जिंकला.

मारायच्या जागा चारच : डोकं, मनगट, बरगडी आणि गळा. पण जागेवर लागणं ही फक्त एक अट. शिनाइचा टोकाकडचा ठरावीक भाग लागला पाहिजे, 'धारेच्या' बाजूने लागला पाहिजे, आणि आवाज, वार व पाऊल तिन्ही एकाच क्षणी आले पाहिजेत. तबल्याचं ऐकणाऱ्याला मी असं सांगतो : तिघांनी समेवर एकत्र यायचं. हात समेवर आणि पाय अर्ध्या मात्रेने मागे, तर पंच हलत नाही.

ओरडण्याचं कोडंही इथेच सुटतं. कबड्डीत दम तुटला की चढाई संपली, भले तुम्ही तिघांना शिवलेलं असो. दम कशासाठी? तुम्ही एका श्वासात, पूर्ण जोखीम घेऊन आत गेलात याचा तो पुरावा. केंदोतली आरोळी तसाच पुरावा आहे. वार चुकून लागला की ठरवून मारला, हे आवाजावरून कळतं, आणि जिथे मारतो त्या जागेचं नावच ओरडायचं असतं.

शेवटची अट सगळ्यात जपानी. मारून झाल्यावरही सावध राहायचं. वळून, तलवार समोर धरून, 'अजून काही येतंय का' असं बघायचं. पुन्हा कबड्डीच : गडी शिवून भागत नाही, मध्यरेषेपर्यंत जिवंत परत यावं लागतं. गुण मिळाल्यावर कोणी मूठ आवळून जल्लोष केला, तर दिलेला गुण काढून घेतला जातो. क्रिकेटमध्ये हा नियम आला तर निम्मे गोलंदाज एकही बळी घेणार नाहीत.

केंदो ऑलिंपिकमध्ये का नाही, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे. पाश्चात्य तलवारबाजीत टोक लागलं की विजेचा दिवा लागतो. ठरवून मारलं का, नंतर भान राहिलं का, हे दिव्याला कळत नाही, त्याला माणूसच लागतो. १९६४ साली ज्युदो ऑलिंपिकमध्ये गेला आणि त्याचं रूप पालटलं, हे केंदोवाल्यांनी जवळून पाहिलं आहे. जागतिक स्पर्धा त्यांच्या स्वतःच्या आहेत, १९७०पासून. जपानची मक्तेदारीही अभेद्य नाही : २००६ साली तैपेईत जपानचा पुरुष संघ अमेरिकेकडून उपांत्य फेरीत हरला आणि विजेतेपद कोरियाने नेलं.

तिसरी तडजोड : धातू, पण समोर कोणी नाही

बांबूची तलवार म्यानात जात नाही, तिला वजन नाही, बाक नाही. खऱ्या तलवारीचं वजन, ती काढणं, ठेवणं, हे शिनाइवर शिकता येत नाही. ती बाजू इआइदो सांभाळतो. म्यानातून तलवार काढतानाच पहिला वार, मग दुसरा, मग रक्त झटकल्यासारखी हालचाल आणि शांतपणे परत म्यानात. समोरचा शत्रू फक्त मनात. हेच ते शॅडो बॅटिंग. सोळाव्या शतकातल्या हायाशिझाकी जिन्सुकेला या विद्येचा मूळ पुरुष मानतात. आजच्या जपानी केंदो महासंघाचा सामायिक संच बारा प्रकारांचा आहे.

साहित्य म्हणजे जस्त आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, दिसायला हुबेहूब कटाना. हिला इआइतो म्हणतात. धार नाही, आणि मुद्दाम लावायला गेलात तर टिकत नाही. लोखंड नसल्यामुळे लोहचुंबक चिकटत नाही, आणि जपानात तिला नोंदणीही लागत नाही. मात्र धार नसली तरी टोक असतंच. म्यानात परत घालताना खाली बघायचं नसतं, नजर समोरच्या काल्पनिक शत्रूवर. नवशिक्याची पहिली जखम बहुधा तेव्हाच होते, डाव्या हाताच्या अंगठ्याजवळ.

पात्यावरच्या लांब खाचेला बरेच जण 'रक्त वाहून जाण्याची नाळ' म्हणतात. तसं काही नाही. खाचेने वजन कमी होतं आणि ताठपणा फारसा जात नाही, लोखंडी तुळईला मधून खाच देतात तसं. सरावात तिचा एक जादा फायदा : वार सरळ रेषेत गेला की हवा कापल्याचा 'श्श्यूं' आवाज येतो, वाकडा गेला की येत नाही. समोर कोणी नसताना चूक दाखवणारा तोच एक प्रामाणिक माणूस.

'मग खरी, धारेची तलवार कधी?'

बहुतेकांसाठी कधीच नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही. इआइदोत बऱ्याच वर्षांनंतर, वरच्या श्रेणीत गेल्यावर आणि गुरूने म्हटलं तरच ती हातात येते. कारण म्यान लाकडाचं असतं. मॅग्नोलियाच्या मऊ लाकडाचं. तलवार काढताना कोन जरासा चुकला, तर धार ते लाकूड चिरून बाहेर येते, आणि बाहेर तुमचीच डावी बोटं असतात.

गवती चटईच्या गुंडाळ्या भिजवून त्या कापण्याचा सरावही काही जण करतात. व्हिडिओ त्याचेच जास्त फिरतात. तिथे ताकद दुय्यम, धारेचा कोन सगळं काही. कोयता तिरका बसला की लाकडात अडकतो हे गावात कोणालाही माहीत असतं. इथे अडकण्याबरोबर पातं वाकतंही, आणि ते सरळ करणं महाग पडतं.

खुद्द जपानात खरी तलवार बाळगण्याचे नियम कडक आहेत. १९५८चा कायदा आहे, प्रत्येक तलवारीची नोंदणी होते, आणि ती नोंद प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे असते. कारण तलवार तिथे कलावस्तू म्हणून नोंदवली जाते. दाखला तलवारीचा, मालकाचा नव्हे.

'हे सगळं बांबूचं. खऱ्या झटापटीत याचा काय उपयोग?'

शून्य, असं मी भाच्याला म्हणालो. थोडं वाढवून म्हणालो. अंतराचा अंदाज, अंगावर येणाऱ्यासमोर डोळे न मिटणं, हे मिळतं. पण रस्त्यावर कोणाच्या हातात १२० सेंटीमीटरची काठी नसते.

उपयोगाचा प्रश्न जपाननेच आधी निकालात काढला. १८७६ साली कमरेला तलवार लावून फिरण्यावर बंदी आली. विद्या तेव्हा मरायला हवी होती. पोलिसांनी ती धरून ठेवली आणि आजही राष्ट्रीय विजेते पोलिसांतूनच जास्त येतात. युद्धकाळात तिला लष्करी वळण दिलं गेलं, हेही लपवण्यासारखं नाही. त्यामुळेच १९४५नंतर केंदोवर बंदी आली. १९५२ साली नवा महासंघ उभा राहिला तो 'हा खेळ आहे, साधना आहे' असं सांगत. १९७५ साली महासंघाने उद्दिष्टही तसंच लिहून काढलं : तलवारीच्या तत्त्वांतून माणूस घडवणं. २०१२पासून तिथल्या माध्यमिक शाळांत एखादी युद्धकला शिकणं सक्तीचं आहे, त्यातल्या पर्यायांत केंदो असतो.

वयाचं गणित मात्र खरोखर वेगळं आहे. दान या श्रेण्या आठ. पहिल्यापासून सातव्यापर्यंतची प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा लांब, आणि सातव्यानंतर दहा वर्षं थांबल्यावर, वय किमान ४६ झाल्यावर, आठव्याच्या परीक्षेला बसता येतं. शंभरात जेमतेम एखादा उत्तीर्ण होतो. पंच्याहत्तरीचे आजोबा तिशीतल्या पोलिसाला मनगटावर मारून हसत बाजूला होतात, हे मी पाहिलं आहे. मला तर त्यांनी मारल्याचं मुखवट्यातून दिसलंच नाही, नुसता आवाज ऐकू आला.

बरं, आता यादी सांग

आधी शिक्षक शोधायचा. व्हिडिओ बघून घरी घोटलेल्या सवयी सुटायला दुप्पट वेळ लागतो, आणि छताचा पंखा जातो तो वेगळाच. शिक्षक मिळाला की तो सांगेल त्या मापाची एक शिनाइ. जपानात ती दोन-तीन हजार येनपासून मिळते. बोकुतो जमलं तर त्याच वेळी. निळे कपडे दोन-तीन महिने टिकलात तर. चिलखत त्यानंतर, आणि पहिलं शक्यतो क्लबचंच वापरायचं. स्वतःचं घ्यायचं तर शिनाइच्या कितीतरी पट खर्च आहे, डोक्याचं माप नीट घेतल्याशिवाय ऑनलाइन मागवू नये. इआइदो करायचा असेल तर इआइतो तुमच्या उंचीवरून आणि हाताच्या लांबीवरून ठरते, तिची घाई नकोच.

ज्या वस्तूवर खर्च कमी होतो आणि लक्ष सगळ्यात जास्त द्यावं लागतं, ती शिनाइ. रोज सरावाआधी चारही कामट्यांवरून नजर फिरवायची. फुटलेल्या कामटीचं टोक जाळीतून समोरच्याच्या डोळ्यात जाऊ शकतं. या खेळातला सगळ्यात वाईट अपघात तोच. कुसळ दिसलं की पॉलिश पेपरने घासायचं. बांबू वाळकुडा झाला की दोरी सोडून, कामट्या सुट्या करून तेलाचा हात द्यायचा. जमिनीवर ठेवलेल्या शिनाइला ओलांडायचं नाही. पुस्तकाला पाय लागला की आपला हात आपोआप कपाळाकडे जातो, ते ज्याला कळतं त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

भाच्याला आता एका वर्गाचा पत्ता मिळाला आहे, आठवड्यातून दोनदा जातो. परवा फोन आला : एक कामटी उभी चिरली, टाकून देऊ का? म्हटलं, टाकायची ती एकच. बाकीच्या तीन पुसून, तेल लावून माळ्यावर ठेव. पुढची शिनाइ फुटेल तेव्हा तिच्या तीन आणि यांतली एक जुळवून पाहा. बऱ्याचदा जमतं.